समोरची झडप

"ओरडायचं नाही," हृषी म्हणाला. "एवढंच. बाकी मी काही मागत नाही."

तो गाडीची डिकी उघडून उभा होता. मी वाकून शामूच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होते. शामू तीन वर्षांची. ते नारिंगी जॅकेट तिच्या हनुवटीला टोचत होतं आणि ती मान वर करून, डोळे मिटून, दाढी करायला बसलेल्या माणसासारखी निमूट उभी होती.

"ओरडायचं नाही, धावत सुटायचं नाही, दर दोन मिनिटांनी 'शामू कुठाय' करायचं नाही. चार दिवस ती आईकडे राहू दे. तू नुसती बस. कॉफी पी. झाडं बघ. त्यांना दिसू दे की तू बरी आहेस."

"आणि दिसलं तर?"

"तर विषय संपला. शामू इथंच राहील. मी स्वतः सांगेन बाबांना."

"नक्की?"

"केतकी, नक्की."

सासू-सासरे जूनमध्ये सांगलीहून आमच्याकडे इंग्लंडला आले होते. नोव्हेंबरात परत जाणार होते, आणि जाताना शामूला बरोबर न्यायचं म्हणत होते. वर्षभर. आमच्या ओळखीतल्या एक-दोन घरांनी असं केलेलं होतं. मूल आजी-आजोबांकडे ठेवायचं, दोघांनी नोकऱ्या करायच्या, शाळेचं वय झालं की आणायचं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. आमच्या घरात मात्र कारण नोकरीचं नव्हतं. कारण मी होते.

शामू झाल्यावर मी आजारी पडले होते. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून बसून राहायची. एकदा ती हलवूनही जागी होईना म्हणून मी अँब्युलन्स बोलावली. ती माणसं जिना चढून वर आली तेव्हा शामू पाळण्यात पाय झाडत खिदळत होती. हृषीने त्यांची माफी मागितली, त्यांना चहा विचारला. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मी बरी झाले. त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनीच गोळ्या थांबवल्या. पण घरात एकदा एक नाव पडलं की ते पुसायला कुणाला सवड नसते. सासूबाई मला हाक मारायच्या तेव्हासुद्धा आधी हळूच खोकायच्या, मी दचकू नये म्हणून.

तर ती बोट, चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. कालव्याच्या दोन्ही काठांची झाडं पिवळी पडून निम्मी झडली होती आणि तपकिरी पाण्यावर पानांचा थर साचला होता. बोट लांबच लांब, आणि रुंदीला जेमतेम एका पलंगाएवढी. पुढच्या टोकाला बसायला उघडा चौक, मग छोटी दारं, मग आत ओळीने बैठक, स्वयंपाकघर, झोपायच्या जागा, आणि मागच्या टोकाला सुकाणू धरून उभं राहायची जागा.

"ही बोट म्हणायची की कॅनॉलात पडलेली एस. टी.?" सासरे म्हणाले.

ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कालवा म्हणजे त्यांचं माहेर. काठावर उभं राहून त्यांनी पाण्यात एक काडी टाकली आणि ती जागची हलेना तशी मान हलवली. "याला कॅनॉल म्हणतेत? अरे, पाणी वाहतंय कुठं? आमच्या शेतातल्या चारीलासुद्धा याहून ओढ असते."

"अहो, इथं ऊस नाही भिजवायचा," सासूबाई म्हणाल्या. "बसा गप." त्यांनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली, बोटीच्या नाकावर हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात नारळ फोडला, आणि ते सगळं बघत थांबलेल्या बोटवाल्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याने तो टोपी काढून घेतला. शामूने टाळ्या वाजवल्या. मीही हसले. खरंच हसले, दाखवायला नाही.

मग त्या बोटवाल्याने आम्हाला बोट समजावून दिली. इंजिन, गॅस, पाण्याची टाकी. आणि लॉक. कालव्यात चढ आला की लॉक येतं. दगडी हौद, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. खालच्या दरवाजातून बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, मग वरच्या बाजूच्या झडपा उघडून हौद भरायचा. पाणी चढतं तशी बोट चढते, आणि वरचा दरवाजा उघडून पुढं निघायचं. झडपा दोन प्रकारच्या. काठाच्या जमिनीतल्या आणि खुद्द वरच्या दरवाजात बसवलेल्या. आधी काठाच्या उघडायच्या, सावकाश. हौद चांगला भरला, दरवाजातली भोकं पाण्याखाली गेली, की मग समोरच्या दरवाजातल्या. नाहीतर ते पाणी उंचावरून थेट बोटीच्या पुढच्या चौकात कोसळतं. आणि लॉकमध्ये असताना पुढे कुणीही बसायचं नाही. तो हे दोनदा बोलला.

हृषी फोनवर नकाशा बघत होता. सासरे हातातला तो झडपा फिरवायचा लोखंडी हँडल तोलून बघत होते. "हे मला शिकवतोय हा," ते मराठीत म्हणाले, त्याच्याकडे बघून हसत. "दारं उघडण्यात हयात गेली माझी."

"बाबा," मी म्हणाले, "समोरची झडप नंतर उघडायची म्हणाला तो."

"ऐकलं की गं."

"आणि लॉकमध्ये पुढे—"

"केतकी," हृषी म्हणाला. नुसतं नाव.

पहिला तासभर फार सुंदर गेला. हे मला आजही कबूल करावं लागतं. ऊन तिरपं होतं, बोट माणसाच्या चालीने चालली होती, काठावरून कुत्री फिरवणारे लोक आम्हाला मागे टाकून पुढे जात होते आणि हात हलवत होते. मी मागे हृषीच्या शेजारी पायरीवर बसले होते. हातात कॉफी. पुढच्या चौकात सासूबाई आणि शामू. बोटीच्या आतल्या सगळ्या दारांतून, दुर्बिणीतून दिसावा तसा, त्यांचा एवढासा चौकोन मला दिसत होता. सासूबाई तिला भडंग भरवत होत्या. शामूचं गाणं चाललं होतं.

मग मला दिसलं की तिच्या अंगात नारिंगी काही नाही.

मी कप खाली ठेवला. हृषीने माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि चालत गेले, धावले नाही, त्या अरुंद बोळातून, खोल्या ओलांडून.

"आई, जॅकेट काढलंत?"

"अगं, मांडीवर बसता येईना पोरीला. ओंडक्यासारखी ताठ झाली होती नुसती. आणि घाम किती आला बघ मानेला. मी धरलंय ना हिला."

त्यांनी खरोखरच धरलं होतं. दोन्ही हातांनी. शामूने माझ्या तोंडात भडंगाचा एक घास कोंबला. मी तो चावला, गिळला, आणि मागे परत आले.

"छान," हृषी म्हणाला. तापातून उठलेल्या पोराने चार घास खाल्ले की म्हणतो तसं.

पहिलं लॉक चार वाजायच्या सुमारास आलं. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. एक म्हातारं जोडपं कुत्र्याला घेऊन बाकावर बसलं होतं, तेवढंच. खालचे दरवाजे उघडे होते. हृषीने बोट आत घेतली. भिंती ओल्या, काळ्या, शेवाळलेल्या, आणि समोर वरच्या दरवाजाची उंच भिंत, तिच्या फटींतून पाण्याच्या बारीक धारा गळत. सासरे आणि मी बाहेर काठावर उतरलो होतो. ते एका काठाला, मी दुसऱ्या. आम्ही खालचे दरवाजे पाठीने रेटून लावले. बोट आता खोल हौदाच्या तळाशी होती. वरून मला हृषीचं टक्कल पडत चाललेलं डोकं दिसत होतं, आणि पुढे, अगदी त्या गळणाऱ्या दरवाजाच्या पायथ्याशी, सासूबाई आणि शामू. शामू मांडीवर उभी राहून धारांना हात लावायला बघत होती.

मी काठाशी वाकले. "आई, आत बसता का थोडा वेळ? हौद भरेपर्यंत."

"काय?"

"आत या! शामूला घेऊन आत!"

मला वरून मोठ्यानेच बोलावं लागलं. हृषीने मान वर केली. "केतकी, चाललंय ना सगळं?" आवाज गोड, बाकावरच्या जोडप्याला ऐकू जाईल असा. "आई, तू बस गं. तिला मजा येतेय."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि तिथेच बसून राहिल्या.

मी हसले. मला आठवतं, गालाचे स्नायू ओढून हसले. मग माझ्या काठाच्या झडपेला हँडल लावला आणि हळूहळू फिरवायला लागले. खालून पाणी फुगायला लागलं. बोट किंचित हलली. सगळं बोटवाल्याने सांगितलं होतं तसं. मी अर्ध्यावर थांबले. आता दमाने घ्यायचं होतं.

"अशानं उद्या उजाडंल," पलीकडून सासरे म्हणाले. "थेंब थेंब काय सोडतेस? पाणी सोडायचं तर धो धो सोडावं."

"बाबा, थोडं थांबा. अजून भोकं वर आहेत."

"तू बघ तुझी बाजू."

ते त्यांच्या काठाच्या झडपेपाशी नव्हतेच. ते वरच्या दरवाजाच्या फळीवर जाऊन उभे होते, समोरच्या झडपेपाशी, आणि हँडल लावून झाला होता. त्यांच्या खात्यात गेटवर उभं राहून पाणी सोडायचं म्हणजे तिथला मान. खाली चारीच्या तोंडाशी लोक वाट बघत असायचे, आणि दार पहिल्या झटक्यात वर गेलं की ओरडा करायचे. हे त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितलं होतं. चेहऱ्यावर तोच आनंद होता. त्यांनी तो हँडल गरगर फिरवला, पाठीचा जोर लावून.

पाणी एखाद्या पांढऱ्या खांबासारखं दरवाजातून आडवं बाहेर आलं. पुढच्या चौकाच्या कठड्यावर आदळलं. बोट आधी मागे गेली आणि मग हौदातल्या उलट्या ओढीने पुढे खेचली गेली, सरळ त्या धारेखाली. मागे हृषीने इंजिन उलटं घातलं. त्याची घरघर भिंतीत घुमली. आणि मग मी ओरडले.

काय ओरडले ते मला सांगता येणार नाही. बहुधा शब्द नव्हतेच. फळीवरून पलीकडे कशी गेले तेही नाही सांगता येणार. "बंद करा, बाबा, बंद करा" म्हणत मी त्यांचा हात ओढला. ते म्हणाले, "अगं, हो हो—" आणि हँडल सोडेनात. मी त्यांना ढकललं. दोन्ही हातांनी, छातीवर. झडप वर धरून ठेवणारा खटका सुटला, ती धाडकन खाली पडली, आणि पाणी बंद झालं.

सासरे काठाच्या गवतात बसले होते. पडले होते म्हणायला हवं. चष्मा बाजूला, कोपर सोललेलं. मागच्याच वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट घातलेला.

बाकावरची म्हातारी बाई उठून आली, सासऱ्यांना हात दिला, आणि हौदात वाकून हृषीला विचारलं की सगळं ठीक आहे ना, कुणाला बोलवायला हवं का. मला नाही विचारलं. माझ्यापासून ती दोन पावलं लांब उभी होती.

"ठीक आहे," हृषी खालून इंग्रजीत म्हणाला. "माझी बायको. तिला जरा भीती वाटते पाण्याची."

मी भिंतीतल्या लोखंडी शिडीवरून बोटीत उतरले. चौक गुडघाभर पाण्याने भरला होता. गादी तरंगत होती. भडंगाचा डबा उलटा. चौकात कुणी नव्हतं. छोट्या दारांच्या आत, बैठकीवर, शामू पाय पसरून बसली होती, डोळे वटारून. पायमोजे सोडले तर कोरडी. मी तिला उचललं.

"आजीने मला आत फेकलं," ती म्हणाली.

"फेकलं कशाला गं, ठेवलं," सासूबाई म्हणाल्या. त्या दाराशी उभ्या होत्या. चिंब भिजलेल्या. पंजाबी ड्रेस, वरचा लोकरीचा कोट, दोन्ही. केसांतून पाणी गळत होतं. दात वाजत होते. एक बांगडी फुटून मनगटावर रेघ उमटली होती.

वरून सासऱ्यांचा आवाज आला, "सुधा, काय झालं का गं तिकडं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड वर केलं. "काही नाही हो. शिंतोडे उडाले जरा."

आणि दार लोटून घेऊन, माझ्याकडे पाठ करून, त्या कोट पिळायला लागल्या.

आम्ही लॉकच्या वर थोड्याच अंतरावर बोट लावली. साडेपाचलाच अंधारायला लागलं होतं. हृषी काठावर खुंटी ठोकत होता, मी दोर धरून उभी होते. आत दिवे लागले होते. कुकरची शिट्टी झाली.

"तू पाहिलंस," मी म्हणाले.

त्याने हातोडा मारला.

"हृषी, इंजिन माझ्या ओरडण्याच्या आधी उलटं गेलं. मी ऐकलं. तू पाहिलंस बोट पुढे जाताना."

त्याने आणखी एक घाव घातला. मग हातोडा गवतावर ठेवला आणि खाली उकिडवा बसला.

"पाहिलं," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ गेला असता तर पुढचं टोक बुडालं असतं. इंजिनाला आवरेना. माझे हात बघ." त्याने हात पुढे केले. अंधारात मला ते दिसले नाहीत.

माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की मी पाहिलं ते खरं होतं. मी त्याच्या शेजारी बसले. त्याच्या खांद्याला खांदा लावला. आता हे सोपं आहे, असं मला वाटलं.

"मग आत जाऊन सांग त्यांना."

त्याने हातोडा उचलून पुन्हा खाली ठेवला.

"आजच सांग. एवढंच सांग की केतकी ओरडली ते बरं झालं. बाबांना दोष देऊ नकोस. म्हणावं, इथली पद्धत वेगळी, चूक झाली."

"कसं सांगू?" तो म्हणाला. "तू बघतेस ना त्यांना? निवृत्त झाल्यापासून काय उरलंय त्यांच्याकडे? कॅनॉल, गेट, पाणी. या ट्रिपची कल्पनासुद्धा मी त्यांच्यासाठी काढली. आता सांगू, की बाबा, तुम्ही तुमच्या हाताने शामूला आणि आईला…? ते मरतील, केतकी. खरंच मरतील. त्यांची छाती तुला माहीत आहे."

"आणि मी?"

"तुझं काय?" तो खरोखर गोंधळून म्हणाला. मग त्याचा आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज मी अजून विसरले नाही. "अगं, तुझ्याबद्दल ते तसंही तेच समजतात. आणखी एकदा समजले तर काय बिघडलं? तुला सवय आहे. त्यांना नाही."

"शामू जाईल."

"वर्षभर. आई किती जीव लावते तिला. आज बघितलंस ना, आधी तिला आत टाकलं तिने."

तो उठला, दोर ओढून बघितला, गाठ पक्की बसली होती. आत गेला.

आतल्या अरुंद टेबलाभोवती पाचजण बसलो तेव्हा गुडघ्याला गुडघे लागत होते. मुगाची खिचडी, पापड, शेंगांची चटणी. सासूबाईंनी हृषीचा स्वेटर घातला होता आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. सासऱ्यांच्या कोपराला हळद लावली होती. ते खुशीत होते. माझ्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने पापड ठेवला.

"जाऊ दे पोरी," ते म्हणाले. "मी काही मनावर घेतलेलं नाही. आजारी माणसाचं मनावर घ्यायचं नसतं. हृषी, तूपण तिला काही बोलू नकोस."

"नाही बोलत, बाबा."

"आमच्या कडेगावच्या सेक्शनला पाटाची दारं उघडणारा एक पाटकरी होता. दार उघडलं की पळून जायचा. आवाजाला भ्यायचा बिचारा. असतात माणसं."

मी घास खाली ठेवला. "बाबा, समोरची झडप आधी उघडली म्हणून पाणी बोटीत आलं. बोटवाला तेच सांगत होता. बोट बुडायला आली होती. आई चिंब भिजल्यात. त्यांच्या अंगावर स्वेटर कुणाचा आहे बघा."

मी अजिबात ओरडले नाही. माझा आवाज बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा लागला होता.

सासऱ्यांच्या हातातला पापड हातातच राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "सुधा?"

सासूबाई शामूला भरवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तूप हवंय का कुणाला?" म्हणाल्या.

"हृषीला विचारा," मी म्हणाले. "त्याने पाहिलंय. आत्ता बाहेर कबूल केलंय माझ्याकडे. हृषी, सांग."

सासरे हृषीकडे वळले. तोपर्यंतचा खुशीतला चेहरा जाऊन एकदम म्हातारा चेहरा तिथे आला होता. ओठ हलत होते. मला क्षणभर त्यांचीच दया आली. "असं झालं का रे?" ते म्हणाले. "पाणी पोरीवर गेलं?"

हृषीने डाव खिचडीत बुडवला. बापाच्या ताटात वाढली. वरून तूप घातलं. मग डाव ठेवला, हात पुसले आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"केतकी," तो म्हणाला, "आजची गोळी घेतलीस का?"

गोळ्या बंद होऊन तीन महिने झाले होते. शेवटचं पाकीट त्यानेच दुकानात परत नेऊन दिलं होतं.

सासऱ्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. पापडाचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला. "हां," म्हणाले. "विसरली असेल प्रवासाच्या गडबडीत. होतं. उद्यापासून सुधा, तू लक्षात ठेवून देत जा तिला."

काहीही म्हटलं असतं तरी त्याचा उपयोग त्यांनाच झाला असता. शामूने माझ्याकडे बघून विचारलं, "आई, तुला ताप आलाय?"

"हो बाळा," हृषी म्हणाला. "थोडासा."

उरलेले तीन दिवस आम्ही त्या बोटीत काढले. लॉक आणखी बरीच आली. हृषी स्वतः वर जाऊन आधी काठाच्या झडपा उघडायचा, सावकाश, आणि समोरच्या अगदी शेवटी. "बाबा, तुम्ही सुकाणू धरा, ते काम जबाबदारीचं," म्हणायचा, आणि सासरे ते अभिमानाने धरायचे. शामू लॉकमध्ये कधी पुढे बसली नाही. सासूबाई तिला आधीच आत घेऊन जायच्या. सगळं नीट, पद्धतशीर. कुणालाच त्याचं कारण विचारायची गरज पडली नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना विमानतळावर पोचवायला गेले. शामूला मी लाल कोट घातला होता. ती झोपाळली होती आणि आजीच्या खांद्यावर मान टाकून माझी एक बट बोटाला गुंडाळत होती. सासरे आणि हृषी सामानापाशी होते. आत जायची रांग हळूहळू पुढे सरकत होती, आणि जिथून पुढे मला जाता येणार नव्हतं तिथे आम्ही दोघी पोचलो. मी शामूच्या बोटातून माझे केस सोडवले.

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, नवरा आणि मुलगा लांब आहेत याची खात्री करून घेतली. मग माझ्या कानाशी आल्या. खोकल्या नाहीत.

"काळजी करू नकोस," त्या म्हणाल्या. "तिकडं नदी आहे, कॅनॉल आहे. पण मी हिला ह्यांच्याबरोबर पाण्याकडं कधीच पाठवणार नाही."

मागचा माणूस सामानाची गाडी ढकलत पुढे आला, तसं त्यांना सरकावं लागलं. सवयीने मी वाकले, त्यांच्या पायाला हात लावला. वर होईपर्यंत त्या आत गेल्या होत्या.